अलकनंदेचे चित्र आणि धुळीचा पडदा

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. विज्ञानातील चित्राचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. चित्र दुर्बिणीतून आले म्हणजे ते जसे दिसते तसेच असणार, त्यात तपासायचे ते काय, अशी आपली समजूत असते. या लेखात आम्ही अशाच एका चित्राचे परीक्षण करणार आहोत. चित्र आहे ‘अलकनंदा’ नावाच्या दूरच्या दीर्घिकेचे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या वेधांतून ही दीर्घिका शोधून काढली आणि 2025 च्या अखेरीस तो शोध जाहीर झाला. चित्र वर्तमानपत्रांत छापून आले, मोबाइलवरून फिरले आणि आमच्या जालना जिल्ह्यातल्या शाळांपर्यंतही पोचले. विज्ञानाचा शिक्षक ते वर्गात दाखवणार, हे उघड आहे. दाखवावेच. पण दाखवताना काय सांगावे, याबद्दल आम्हाला काही म्हणायचे आहे.

आधी दावा समजून घेऊ. विश्वाचे वय सुमारे 13.8 अब्ज वर्षे मानले जाते. अलकनंदेकडून आज आपल्याला मिळणारा प्रकाश निघाला तेव्हा विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे होते. इतक्या कोवळ्या वयातल्या दीर्घिका ओबडधोबड, गाठीगाठींच्या असतील अशी बहुतेकांची अपेक्षा होती. फिरणारी तबकडी स्थिरावून तिच्यात नीटस सर्पिल भुजा उमटायला अवकाश लागतो, असे गणित सांगत होते. अलकनंदेत मात्र दोन सममित भुजा एका ठळक मध्याभोवती वळलेल्या दिसतात. तबकडीचा व्यास सुमारे 30 हजार प्रकाशवर्षे, ताऱ्यांचे वस्तुमान दहा अब्ज सूर्यांहून अधिक आणि दर वर्षी सुमारे 60 सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे जन्माला घालण्याचा वेग. आपल्या आकाशगंगेच्या तुलनेत हा वेग 20 ते 30 पट आहे.

शोध मोलाचा आहे. मराठी मुलुखात बसून, जगाला खुल्या असलेल्या वेधांचा कसून अभ्यास करून तो लागला, याचा आनंद आम्हालाही आहे. पण चित्राभोवती जी भाषा जमली तिच्यात एक गोष्ट जवळजवळ कोठेच नव्हती, ती म्हणजे धूळ. दूरच्या, वेगाने तारे घडवणाऱ्या दीर्घिकेचे कोणतेही चित्र हे तिच्यातल्या ताऱ्यांचे चित्र नसते. धुळीतून निसटून जो प्रकाश बाहेर पडला, त्याचे ते चित्र असते. हे सांगितले नाही तर विद्यार्थी चित्र पाहतो, पण वाचत नाही.

हे चित्र कोणत्या प्रकाशातले?

परीक्षणातला पहिला प्रश्न हाच असावा. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते. यालाच ताम्रसृती म्हणतात. अलकनंदेची ताम्रसृती सुमारे 4.05 आहे. तीत एक मिळवला की 5.05 येतात, म्हणजे तिथून निघालेली प्रत्येक लाट इथे पाचपट लांब होऊन पोचते. आता दहावीच्या विद्यार्थ्याला भागाकार करायला सांगा. हबल दुर्बीण जास्तीत जास्त 1.7 मायक्रोमीटरपर्यंतची अवरक्त लाट टिपते. 1.7 ला 5.05 ने भागले की 0.34 मायक्रोमीटर. हा अतिनील प्रकाश झाला. म्हणजे हबलला ही दीर्घिका फक्त अतिनील प्रकाशात दिसू शकते. वेबचा मुख्य कॅमेरा 5 मायक्रोमीटरपर्यंत जातो. त्याला 5.05 ने भागले की जेमतेम 1 मायक्रोमीटर. आपला डोळा 0.4 ते 0.7 मायक्रोमीटरपर्यंत पाहतो. तेव्हा वेबने ‘अवरक्त’ चित्र घेतले हे खरे असले, तरी ते अलकनंदेच्या घरचे अवरक्त नव्हे. तिथे ते अतिनील, दृश्य आणि अवरक्ताच्या उंबरठ्यावरचा प्रकाश होता. चित्रातले रंगही मागाहून दिलेले आहेत: आखूड लाटांना निळा, लांब लाटांना तांबडा.

एवढा भागाकार चित्राखाली छापला असता, तर पुढचा सगळा गोंधळ टळला असता. कारण धूळ सर्वांत जास्त अडवते ती नेमकी अतिनील आणि निळा प्रकाश.

धूळ की धूर?

‘धूळ’ या शब्दानेही थोडी फसगत केली आहे. आम्ही जालन्याकडची माणसे. धूळ म्हटली की वैशाखातल्या कच्च्या रस्त्यावरचा फुफाटा डोळ्यांपुढे येतो. पण फुफाट्याचा कण मोठा असतो. तो सर्व रंगांचा प्रकाश साधारण सारखाच अडवतो. ताऱ्यांमधल्या अवकाशातले कण मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासचे, कार्बनचे आणि वाळूशी नाते सांगणाऱ्या सिलिकेटांचे. त्यांची तुलना करायची तर धुराशी करावी. कापूस निघून गेल्यावर शेतात पऱ्हाट्या पेटवतात तेव्हा उठणारा धूर बाजूने पाहिला तर निळसर दिसतो आणि त्याच धुरातून मावळता सूर्य पाहिला तर तांबूस दिसतो. बारीक कण निळा प्रकाश विखुरतात आणि तांबडा पुढे जाऊ देतात. दीर्घिकांतली धूळ हेच करते, शिवाय बराचसा प्रकाश गिळूनही टाकते.

वर्गात हे दाखवायला धूर करायचे कारण नाही. काचेच्या पेल्यात पाणी घ्यावे, दुधाचे काही थेंब टाकावे आणि एका बाजूने बॅटरीचा झोत सोडावा. बाजूने पाहिल्यास पाणी निळसर दिसते, झोतासमोरून पाहिल्यास दिवा पिवळा-तांबूस दिसतो. थेंब वाढवीत गेल्यास दिवा आधी तांबूस आणि मग दिसेनासा होतो.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक लाख कोटी कणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. तोच प्रवास 2.2 मायक्रोमीटरच्या अवरक्त लाटांनी केला तर दहापैकी एक पोचतो. म्हणूनच रेनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांनी केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या कक्षा अवरक्तात मापल्या आणि तिथल्या अतिजड, घट्ट वस्तूचा पुरावा दिला. 2020 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

या धुळीची ओळख पटायला खगोलशास्त्राला वेळ लागला. जालना 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथील निजामिया वेधशाळेने आंतरराष्ट्रीय आकाश-नकाशाच्या योजनेत दक्षिण आकाशाचा एक पट्टा फोटोच्या काचांवर टिपून मोठी कामगिरी केली. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशालाच अधिक संवेदनशील असत. जगभरच्या वेधशाळांत अशाच काचांवर तारे मोजले जात होते. जिकडे धूळ दाट तिकडे तारे कमी भरत आणि ‘तिकडे तारेच विरळ आहेत’ असा अर्थ लावला जाई. 1930 साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांचे अंतर दोन रीतींनी काढून दाखवले, की दूरच्या गुच्छांचा प्रकाश वाटेतच मंद व तांबूस होतो. तोवर आकाशगंगेच्या आकाराचे बरेच हिशेब धुळीने चुकवलेले होते.

फसगतीची दोन उदाहरणे

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. म्हणून अलीकडची दोन उदाहरणे देतो.

पहिले जवळच्या दीर्घिकेचे. एनजीसी 309 ही दृश्य प्रकाशात मोकळ्या, अनेक भुजांची सर्पिल दीर्घिका दिसते. डेव्हिड ब्लॉक आणि रिचर्ड वेन्सकोट यांनी 1991 साली तिचे अवरक्त चित्र प्रसिद्ध केले. त्यात मध्यावर आडवा दांडा आणि त्याच्या टोकांपासून निघालेल्या दोनच भुजा दिसल्या. दीर्घिका तीच, पण वर्गीकरण करणाऱ्याने तिला दुसऱ्याच वर्गात टाकले असते. निळ्या प्रकाशात मूठभर तरुण, तेजस्वी तारे मिरवतात आणि धूळ आपल्या रेघोट्या ओढते. वस्तुमानाचा मोठा भाग ज्या जुन्या ताऱ्यांत असतो, ते अवरक्तात उजेडात येतात.

दुसरे दूरच्या दीर्घिकेचे. डिसेंबर 1995 मध्ये हबलने सप्तर्षीतल्या आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याकडे दहा दिवस टक लावून पाहिले. त्या चित्रात सुमारे तीन हजार दीर्घिका मोजता आल्या आणि ते चित्र जगभर गाजले. 1998 मध्ये हवाईतल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीने त्याच तुकड्याचे 850 मायक्रोमीटर तरंगलांबीवरचे वेध प्रसिद्ध झाले. या लाटांत सर्वांत तेजस्वी ठरलेल्या वस्तूशी जुळणारी दीर्घिका हबलच्या चित्रात निःसंशय अशी सापडेना! तीन हजारांच्या त्या मेळ्यात सर्वांत झपाट्याने तारे घडवणाऱ्यांपैकी एक दीर्घिका धुळीच्या पडद्याआड बसली होती. तिचे अंतर पक्के कळायला 2012 उजाडले. विश्व 1.1 अब्ज वर्षांचे असताना ती दर वर्षी शेकडो सूर्यांइतके तारे घडवीत होती.

पडद्याआड असूनही ती 850 मायक्रोमीटरवर दिसली कशी? जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईचे कारखाने आहेत. भट्टीतून आलेली सळई लालबुंद असते. थोड्या वेळाने लाली जाते, डोळ्याला सळई थंड वाटते, पण हात जवळ नेला की झळ लागते. पदार्थ जितका थंड, तितकी त्याच्या उत्सर्जनाची तरंगलांबी जास्त. हजार अंश सेल्सिअसच्या सळईचे उत्सर्जन दोन-अडीच मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. ताऱ्यांचा प्रकाश गिळून धूळ तापते खरी, पण तापून तापून उणे 240 अंशांच्या आसपास. अशा धुळीची ‘झळ’ सुमारे 100 मायक्रोमीटरवर असते आणि ताम्रसृतीने ताणली जाऊन कित्येकशे मायक्रोमीटर होऊन इथे पोचते. गिळलेला प्रकाश असा दुसऱ्या रूपाने परत मिळतो. विश्वातल्या सर्व ताऱ्यांनी आजवर दिलेल्या प्रकाशापैकी साधारण निम्मा धुळीने गिळून असा परत दिला आहे. तो निम्मा हिस्सा सोडून केलेला हिशेब पुरा कसा म्हणावा?

तारे कोठे, धूळ कोठे?

चिलीच्या पठारावर पाच हजार मीटर उंचीवर 66 अँटेनांची ‘आल्मा’ ही दुर्बीण उभी राहिल्यावर धुळीच्या झळेची नुसती मोजणी न होता तिचे बारीक चित्रही मिळू लागले. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी विश्वात तारकानिर्मिती ऐन भरात होती. त्या काळातल्या भरघोस दीर्घिकांची हबलची आणि आल्माची चित्रे शेजारी ठेवली, तेव्हा ती जुळेनात. हबलच्या चित्रात प्रकाश दूरवर पसरलेला, पुष्कळदा गाठीगाठींचा. आल्माच्या चित्रात धुळीची झळ मात्र मध्यावरच्या काही हजार प्रकाशवर्षांत एकवटलेली. म्हणजे नवे तारे ज्या जागी सर्वाधिक जन्मत होते, ती जागा हबलच्या चित्रात मंद दिसत होती. ज्या गाठींना आपण दीर्घिकेची रचना समजत होतो, त्यांतल्या काही तर धुळीतल्या नुसत्या फटी असाव्यात अशी शंका घ्यायला जागा झाली.

2022 पासून वेबने यात भर घातली. त्याच दीर्घिका अधिक लांब लाटांत पाहिल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच आकाराने लहान भरल्या. अधिक वस्तुमानाच्या दीर्घिकांत हा फरक अधिक आढळला. दीर्घिका आक्रसली नव्हती. निळ्या प्रकाशात तिचा मध्य धुळीने झाकल्याने कडा तेवढ्या उठून दिसत होत्या आणि दीर्घिका फुगलेली वाटत होती. पडदा विरळ झाल्यावर मध्यावरची ताऱ्यांची दाटी दिसली. ‘या दीर्घिकेचा आकार किती?’ हा प्रश्न ‘कोणत्या तरंगलांबीत?’ असे विचारल्याशिवाय अपुरा आहे, हा यातला धडा.

अलकनंदेचा दावा कितपत टिकतो?

आता मूळ चित्राकडे वळू. धुळीची इतकी चर्चा केल्यावर ‘मग भुजाही भासच असतील’ असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. दाव्याच्या बाजूने तीन गोष्टी आहेत. एक, ही दीर्घिका आपल्याला जवळजवळ समोरून दिसते. ताटलीकडे कडेने पाहिले तर प्रकाशाला सबंध ताटली ओलांडावी लागते, समोरून पाहिले तर फक्त तिची जाडी. धुळीचा अडथळा तेथे सर्वांत कमी. दोन, वेध एक-दोन नव्हे तर 21 निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेले आहेत. त्यामुळे कोणत्या तरंगलांबीत प्रकाश किती घटला हे पाहून धुळीचा अंदाज घेता येतो. तीन, वाटेत असलेल्या एबेल 2744 या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तिची तेजस्विता सुमारे दुप्पट केली आहे. त्यामुळे बारकावे टिपता आले. भुजांवर मण्यांच्या माळेसारखे तेजस्वी ठिपके दिसतात. जवळच्या सर्पिल दीर्घिकांतही तरुण ताऱ्यांचे पुंजके भुजांवर असेच ओवलेले असतात.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. अतिनील प्रकाशातले ठळक दर्शन म्हणजे मुख्यतः तरुण ताऱ्यांचे दर्शन. वस्तुमानही त्याच भुजांत एकवटले आहे का, हा एनजीसी 309 ने शिकवलेला प्रश्न इथेही विचारला पाहिजे. शिवाय अंतर काढले आहे ते गाळण्यांतून मिळालेल्या प्रकाशाच्या प्रमाणावरून. ही रीत चांगली, पण सविस्तर वर्णपटाइतकी नेमकी नव्हे. तबकडी संथ, शिस्तीत फिरते आहे की आतून खळबळलेली आहे, हे स्थिर चित्र सांगू शकत नाही. त्यासाठी वर्णपटावरून गती मापाव्या लागतात, आणि वेबच्या वर्णपटमापकाने किंवा आल्माने ते करावे असे संशोधकांनीच सुचवले आहे. आमच्या मते शोधनिबंध सावध आहे. बेसावध झाली ती बातमी.

बातमीची भाषा

नावाचेच पाहा. आपल्या शालेय पुस्तकांत आकाशगंगेला ‘मंदाकिनी’ असे नाव आढळते. हिमालयात मंदाकिनी आणि अलकनंदा रुद्रप्रयागला मिळतात. एका नदीचे नाव आपल्या दीर्घिकेला, तर तिच्या बहिणीचे नाव या नव्या दीर्घिकेला, ही कल्पना सुंदर आहे आणि मुलांच्या लक्षात राहील. पण नावावरून ‘आपल्या आकाशगंगेची जुळी’ इथवर उडी घेणे चूक. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे, हिचा 30 हजार. तिकडे ताऱ्यांची पैदास वर्षाला दोन-तीन सूर्यांइतकी, इकडे 60. साम्य आहे ते सर्पिल आकृतीत. ऐन वयातल्या वडाला आणि वाफ्यातल्या रोपाला पाने सारखी असली, तरी त्यांना कोणी जुळे म्हणत नाही.

दुसरे लाडके वाक्य म्हणजे ‘शास्त्रज्ञांचे सिद्धान्त कोसळले’. या वाक्याने विद्यार्थ्याचे नुकसान होते. सिद्धान्त हा पत्त्यांचा बंगला आहे आणि एका फोटोने तो पडतो, असे त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात घडले ते एवढेच, की तबकडी लवकर स्थिरावू शकते असे दिसले आणि कशामुळे, हा प्रश्न धारदार झाला. त्याचे उत्तर ताऱ्यांबरोबरच वायू व धूळ मोजल्यावर मिळेल.

आपल्याला काय करता येईल?

जालन्याच्या शाळेत आल्मा नाही, वेब नाही. पण निरनिराळ्या लाटांत पाहिल्याशिवाय दीर्घिका कळत नाही, हे दाखवणारे काम आपल्या राज्यातच चालते. खोडदची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची, नारायणगावाजवळ आहे. रेडिओ लाटांना धूळ जवळजवळ अडवतच नाही. अल्पायुषी ताऱ्यांचे स्फोट होऊन निघालेल्या इलेक्ट्रॉनांचे रेडिओ उत्सर्जन मोजून पडद्याआडच्या तारकानिर्मितीचा अंदाज घेता येतो. 2020 साली याच दुर्बिणीने 7653 दूरच्या दीर्घिकांचे संदेश एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत सरासरी किती हायड्रोजन होता हे मोजले. त्याच वर्षी पुण्याच्या आयुकातील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने 9.3 अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून सुटून आलेला अतितीव्र अतिनील प्रकाश टिपला. ही दुर्बीण अवघ्या 38 सेंटिमीटरची! वायू आणि धुळीच्या पडद्याला कोठेतरी भोके असल्याशिवाय तो प्रकाश बाहेर पडलाच नसता. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरवण्याची परंपरा आहे. आळेफाट्यामार्गे सहल काढायला आमच्या भागातल्या शाळांनी हरकत नसावी.

आणि सहल जमली नाही तरी चित्र हाती आहे. ते फळ्याशेजारी लावताना खाली ‘दूरची सर्पिल दीर्घिका’ एवढेच लिहू नये. आमच्या मते ओळ अशी असावी: ‘अलकनंदा दीर्घिका, प्रकाश निघाला सुमारे 12 अब्ज वर्षांपूर्वी, तेव्हा तो अतिनील व दृश्य होता, इथे अवरक्त होऊन पोचला, रंग मागाहून दिलेले, धुळीने गिळलेला प्रकाश या चित्रात नाही.’ ओळ लांब आहे, पण तिच्यातल्या प्रत्येक तुकड्यावर एक तास घेता येईल.